कुकरची शिट्टीच होत नाही, कडेनं वाफ जाते, रिंग बदलली तरी महिन्याभरात परत तेच

गेल्या पावसाळ्यापासून भाच्याचा मला आठवड्यातून एकदा तरी ठरलेला फोन. "अगं मावशी, परत शिट्टी होत नाहीये." पोरगा नाशिकमध्ये सातपूरला कंपनीत लागलाय, तिघा मित्रांनी मिळून अशोकनगरला रूम घेतलीय, मेसच्या त्याच त्या बटाट्याला कंटाळून आता रूमवरच वरण-भात करतात. कुकर 3 लिटरचा, बाहेरच्या झाकणाचा, घरून आणलेला, म्हणजे ताईच्या हातचा चांगला वापरलेला. तिच्या घरी वर्षानुवर्षं शिट्ट्या मारत होता आणि ह्या पोरांच्या हातात आल्यावर चार महिन्यांत रुसला.

तर हे सगळं एकदा नीट लिहून काढते, कारण फोनवर सांगून सांगून माझा घसा बसलाय आणि नव्यानं कुकर लावायला लागलेल्या बऱ्याच जणांचं हेच होतं असं दिसतंय.

त्याची तक्रार अशी, कुकर लावला की झाकणाच्या कडेनं वाफ फुसफुसत राहते, शिट्टी काही होत नाही. मी सांगितलं रिंग बदल. बदलली. तीन आठवडे बरं चाललं, परत तेच. दुसरी रिंग आणली, परत तेच. मग कोणीतरी सांगितलं रिंग फ्रीजरमध्ये ठेव म्हणजे आवळते, ते केलं, दोन दिवस शिट्टी झाली, तिसऱ्या दिवशी परत फुस्स. तिसरी रिंग आणली तेव्हा दुकानदारानंच विचारलं म्हणे, किती कुकर आहेत तुमच्याकडे?

आणि मग एका रविवारी कहर झाला. शिट्टी होईल, आता होईल, म्हणून तिघं मोबाईल बघत बसले, गॅस मोठा, अर्धा-पाऊण तास गेला असेल, आतलं पाणी कडेनं वाफ होऊन संपून गेलं आणि सेफ्टी वॉल्व्ह गेला. मोठा आवाज, ओट्यावर वाफच वाफ, एक जण अनवाणी जिन्यापर्यंत पळाला. कोणाला काही झालं नाही हे नशीब. त्या दिवशी मात्र मी पंचवटीतून रिक्षा करून गेले आणि म्हटलं दाखव तो कुकर.

आता मुद्द्याचं. शिट्टी होत नाही म्हटल्यावर लगेच रिंग बदलू नका, आधी दोन मिनिटं कुकरसमोर उभं राहून वाफ कुठून जातेय ते बघा. बाकी काही नाही, एवढंच. हात जवळ न्यायचा नाही, लांबून नुसतं बघायचं, हवं तर स्टीलचं ताट कडेपासून वीतभर लांब धरलं तर ज्या बाजूनं वाफ येते तिथं ताटावर पाण्याचे थेंब जमतात. कडेनं सगळीकडून सारखी जातेय, की एकाच जागेवरून जातेय, की शिट्टीतूनच बारीक बारीक जातेय, की कुठूनच जात नाहीये. चारही गोष्टींचं कारण वेगळं आहे आणि चौथी सगळ्यात वाईट, तिच्यावर खाली येतेच.

सगळीकडून सारखी जात असेल तर बहुतेक रिंगच. रबर वर्षभरात कडक होतं, सैल पडतं, दाबलं तरी मऊ लागत नाही, बारीक चिरा दिसतात. बदलायची. पण कंपनीची आणि मापाची तीच आणायची, 3 लिटरची आहे म्हणून कुठलीही 3 लिटरची चालत नाही, जुनी रिंग पिशवीत घालून दुकानात न्या हे सगळ्यात सोपं. नवी असूनही जात असेल तर रिंग काढून झाकणाची खाच बघा, तिथं वाळलेला भात, डाळीचा थर चिकटलेला असतो, पोरं रिंग न काढताच झाकण विसळतात. थंडीतही होतं हे, निफाडला पारा खाली गेला की नाशकात सकाळी सातला रबर लाकडासारखं कडक झालेलं असतं, तेव्हा रिंग पाच मिनिटं कोमट पाण्यात टाकून मग बसवायची. आणि त्याच थंडीत सिलेंडर संपत आला असेल तर आच मुळातच बारीक लागते, शिट्टीला वेळ लागतो, तिथं कुकरचा काही दोष नाही. फ्रीजरचा उपाय म्हणाल तर तो पाहुणे दारात असताना एकदा करायचा उपाय आहे, रिंग गेलेलीच असते, तुम्ही तिला एक दिवस जास्त पळवता.

भाच्याच्या कुकरची वाफ मात्र एकाच जागेवरून जात होती, दांड्याच्या जरा डावीकडून. रिंग फिरवून बसवली तरी तिथूनच. म्हणजे रिंगचा संबंधच नाही, नाही का? रिंग फिरवली आणि गळती पण फिरली तर दोष रिंगमध्ये, गळती जागच्या जागी राहिली तर दोष भांड्यात किंवा झाकणात. ही एवढी साधी तपासणी आम्ही चार महिने केली नव्हती, मी पण नाही, मलाही फोनवर "रिंग बदल" म्हणणंच सोपं पडत होतं.

माझा पहिला संशय केकवर. ह्यांनी मित्राच्या वाढदिवसाला कुकरमध्ये मीठ टाकून, पाण्याशिवाय, रिंग-शिट्टी काढून केक केला होता, तासभर कोरडा तापवलेला. म्हटलं तिथंच वाकडा झाला असणार. कोरडा तापवणं चुकीचंच आहे, अॅल्युमिनियम असं तापलं की त्याचा आकार बिघडू शकतो, तळ फुगतो, कुकर बनवणारे नको म्हणतात ते उगाच नाही. पण तळ सपाट होता, ओट्यावर ठेवल्यावर डुगडुगत नव्हता.

मग रविवार कारंज्यावरून भांडी बाजारात गेलो, तिथं एक जुने दुकानदार आहेत, माझ्या लग्नातली तांब्याची भांडी पण तिथलीच. त्यांनी कुकर हातात घेतला, झाकण बघितलंच नाही, भांड्याच्या काठावरून अंगठा फिरवत नेला आणि एका जागी थांबले. मग कुकर काउंटरच्या काचेवर उपडा घातला, दांडा काउंटरच्या कडेबाहेर ठेवून, आणि खिशातलं व्हिजिटिंग कार्ड त्या जागी काठाखाली सरकवलं. सहज आत गेलं. बाकी कुठंही जात नव्हतं.

मग त्यांनी भाच्याला विचारलं, "वरण घोटल्यावर पळी कुठं झटकता?"

पोरगं गप्प. कुकरच्या काठावर, दुसरं काय. टण् टण् टण्. भातवाढी पण तिथंच आपटायची, हात उजवा म्हणून रोज त्याच जागी. आपण सगळ्यांनीच आयुष्यात हे केलंय, पातेल्याला काही होत नाही त्यानं, पण कुकरचा काठ म्हणजे रिंग जिथं टेकते ती जागा, तिथं केसाएवढा पोचा आला तरी वाफेला वाट मिळते. नवी मऊ रिंग त्या पोच्यात दबून बसायची म्हणून तीन आठवडे बरं चालायचं, जरा कडक झाली की परत गळती. महिन्याच्या महिन्याला परत तेच का होतंय ह्याचं उत्तर तिथं मिळालं.

ठोकून मिळेल का, विचारलं. ते म्हणाले ठोकून देतो पण महिन्यात परत याल, आणि काठाला चीर गेली तर मी जबाबदार नाही. नवा घ्या. बरोबरच होतं त्यांचं. पोचा आलेला काठ घरी हातोडीनं किंवा कानशीनं सरळ करायला जाऊ नका, आतला दाब म्हणजे गंमत नाही. बाहेरच्या दाबापेक्षा साधारण 1 किलो दर चौरस सेंटिमीटरला जास्त असा दाब असतो, म्हणून तर पाणी 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं आणि डाळ लवकर शिजते. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटर उंच, इथं उघड्या पातेल्यातलं पाणी 98 ला वगैरेच उकळतं. म्हणजे कडेनं वाफ जाणारा कुकर हा नुसता झाकण ठेवलेला टोप झाला, आत दाब धरतच नाही, गॅस जातो, पाणी जातं, डाळ तशीच टणक.

आता ती चौथी, वाईट गोष्ट. गॅस मोठा आहे, पंधरा मिनिटं झाली, आतून उकळल्याचा आवाज येतोय आणि वाफ कुठूनच नाही, ना कडेनं, ना शिट्टीतून. तेव्हा हात न लावता गॅस बंद करा. शिट्टी हलवून बघू, चमच्यानं टोचून बघू, असले प्रयोग नाहीत. पूर्ण गार होऊ द्या, अर्धा तास लागला तर लागू द्या. शिट्टी ज्या नळीवर बसते ती नळी चोंदलेली असते, तुरीच्या डाळीचं साल, टोमॅटोचं साल, पालकाचं पान, काहीही अडकतं. ह्याच्यावर उपाय आधीच करायचा असतो, कुकर लावण्यापूर्वी झाकण उचलून नळीतून उजेड दिसतो का बघायचं. खिडकीकडे धरा, डोळा मिटा एक, गोल उजेड दिसला की ठीक. नाही दिसला तर सुई किंवा बारीक तार खालून घालून साफ करायची आणि फुंकर मारायची. पाच सेकंदांचं काम आहे. माझी सासू रोज करायची आणि मी हसायचे, आता मी करते.

शिट्टी लावायची पण एक वेळ असते. झाकण लावल्या लावल्या शिट्टी ठोकून बसवायची घाई करू नका, शिट्टी सुटी निघणारी असेल तर आधी नळीतून वाफेची सरळ धार येऊ द्या, मग बसवा. आतली हवा निघून जाते आणि नळी मोकळी आहे हे पण कळतं. काही कुकरची शिट्टी झाकणालाच फिक्स असते, हॉकिन्ससारख्या आतल्या झाकणाच्या कुकरला असते तशी, तिथं हा प्रश्न नाही, तिथं उजेडाची तपासणीच महत्त्वाची.

सेफ्टी वॉल्व्हचं बोलू. पोरांना वाटलं कुकर फुटला. फुटला नाही, वॉल्व्हनं त्याचं काम केलं. त्याच्या मधोमध लवकर वितळणाऱ्या धातूचा ठिपका असतो, पाणी संपून कुकर प्रमाणाबाहेर तापला की तो वितळतो आणि वाफ बाहेर सोडतो. (हा वॉल्व्हचा विचार कुकरच्या जन्माइतकाच जुना आहे, 1679 मध्ये डेनिस पापँ ह्या फ्रेंच माणसानं लंडनला वाफेचं बंद भांडं दाखवलं, हाडं मऊ करणारं, त्याला पण दाब सोडायला वॉल्व्ह लावावा लागला होता.) तर वॉल्व्ह गेला की नवा आणायचा, त्याच कंपनीचा, आणि का गेला ते शोधायचं. रूमवाल्यांनी काय केलं होतं माहितीय, भोकात कणकेचा गोळा दाबून वर एमसील लावायचा प्लॅन होता. मी वेळेवर पोचले. वॉल्व्हचं भोक कशानंही बुजवायचं नाही म्हणजे नाही, नाण्यानं नाही, स्क्रूनं नाही, एमसीलनं तर अजिबात नाही. दर दोन महिन्यांनी वॉल्व्ह जात असेल तर दोष वॉल्व्हमध्ये शोधू नका, पाणी कमी पडतंय किंवा कुठून तरी गळतंय.

पाणी किती? डबे ठेवून वरण-भात लावताना डब्यांच्या खाली तळाशी जाळी आणि दीड-दोन ग्लास पाणी, हे डब्यातल्या पाण्याव्यतिरिक्त. नवीन माणूस इथं हमखास चुकतो, डब्यात डाळ-पाणी घालतो आणि तळाला पाणी घालायलाच विसरतो. तळाला चिंचेचं बुटुक किंवा पिळलेल्या लिंबाची फोड टाकली तर अॅल्युमिनियम काळं पडत नाही. डब्यात भाताला एकास दोन पाणी, घोटीकडचा नवा इंद्रायणी असेल तर थोडं कमी, जुना कोलम असेल तर थोडं जास्त. वरणाला एकास अडीच धरा.

आता दुसरी नेहमीची रड, शिट्टीतून पिवळं पाणी उडून ओटा, भिंत, कॅलेंडर सगळं रंगतं. ह्याला कारण भरलेला कुकर आणि मोठा गॅस. थेट कुकरमध्ये डाळ किंवा खिचडी लावताय तर पाण्यासकट अर्ध्याच्या वर जायचं नाही, डाळ फेसाळते आणि फुगते, फेस नळीत चढतो. बटाटे, भाज्या असतील तर दोन तृतीयांशापर्यंत चालतं. डाळीत अर्धा चमचा तेल घातलं की फेस कमी होतो, वरचा पांढरा फेस आधी काढून टाकला तर अजून कमी. आणि पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक. हे कोणी करत नाही. सगळे मोठ्या गॅसवर चार शिट्ट्या मोजतात.

शिट्ट्या मोजण्याबद्दल माझं मत जरा कडक आहे, राग मानू नका. शिट्टी हे काही वेळेचं माप नाही. मोठ्या गॅसवर तीन शिट्ट्या चार मिनिटांत होतात, बारीकवर त्याच तीन शिट्ट्यांना पंधरा मिनिटं लागू शकतात, अर्धा भरलेला कुकर आणि पूर्ण भरलेला कुकर ह्यांच्या शिट्ट्या वेगळ्या, माझ्या आणि तुमच्या कुकरच्या तर वेगळ्याच. "मावशी किती शिट्ट्या?" ह्या प्रश्नाला खरं उत्तर नाही. पहिली शिट्टी होईपर्यंत मोठा गॅस, मग बारीक करून मोबाईलवर टायमर. अर्धा तास भिजलेली तूरडाळ 8 ते 10 मिनिटं, डब्यातला भात साधारण तेवढ्यातच होतो, मधले बटाटे 8, रात्रभर भिजलेले छोले-राजमा 20 ते 25. दोन-तीनदा करून आपल्या कुकरचा आकडा ठरवा आणि ओट्यामागच्या टाइलवर लिहून ठेवा. बारीक केल्यावर मध्ये मध्ये शिट्टी झाली नाही तरी घाबरू नका, शिट्टीतून हलकी सुरसुर येत असेल तर आत दाब आहे.

काठ ठीक, रिंग ठीक, शिट्टी होते आणि तरी डाळ शिजत नाही, असाही एक फोन आला होता. तिथं कुकर निर्दोष. त्यांच्या बिल्डिंगला पिण्याचं पाणी महापालिकेचं, गंगापूर धरणाचं, आणि वापरायचं बोरचं, आणि हे महाशय डाळ बोरच्या नळाखाली भिजवून त्याच पाण्यात शिजवत होते. जड पाण्यातल्या क्षारांनी डाळ मऊ पडत नाही, तासभर शिजवा. पिण्याचं पाणी वापरलं, प्रश्न मिटला. दुसरं म्हणजे चिंच-टोमॅटो डाळ शिजल्यावर घालायचं, आंबट आधी पडलं की डाळ हटून बसते. डाळच दोन वर्षांची जुनी असेल तर मग देवच मालक, चिमूटभर खायचा सोडा घाला आणि पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानातून आणा.

उघडताना घाई नको. वाफ आपली आपण जिरू द्या, शिट्टी हलकेच उचलून बघितल्यावर सुरसुर आली नाही आणि दांडा बोटानं सहज सरकला तरच उघडा. आतल्या झाकणाचा कुकर दाब असेपर्यंत उघडतच नाही, पण बाहेरच्या झाकणाचा जोर लावून उघडता येतो, आणि ऑफिसला उशीर झालेला माणूस जोर लावतोच. वरण असताना शिट्टी उचलून वाफ काढायची नाही, वाफेबरोबर वरणही येतं. दांड्याचे स्क्रू सैल असतील तर आवळा, तो निखळून हातात आला की गरम कुकर पायावर.

शेवटी नवा कुकर घेतला तिथूनच, 3 लिटरचाच, आयएसआय मार्क आणि आयएस 2347 हा नंबर बघून, त्याच्याशिवाय घेऊच नका, रस्त्यावर स्वस्तात मिळाला तरी. सोबत एक जादा रिंग आणि एक जादा वॉल्व्ह घेऊन डब्यात ठेवायला सांगितलं. झाकण लावून ठेवायचं नाही, रिंग काढून उलटं ठेवायचं म्हणजे रबर दबून बसत नाही आणि वास पण मारत नाही. पळी झटकायला एक वाटी ठेवलीय त्यांनी आता ओट्यावर, दोन महिने झाले, वाफेचा फोन नाही.

परवा फोन आला तो मटकीचा. मिसळ करायला घेतली आणि मटकीचं पिठलं झालं. तीन शिट्ट्या दिल्या होत्या म्हणे. म्हटलं अरे बाळा, मोड आलेली मटकी दहा-पंधरा मिनिटांत साध्या पातेल्यात शिजते, तिला कुकर कशाला लागतो.